सही कितीपर्यंत चालते?

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार केवढा असतो, हे सांगलीत घरी समजावून सांगताना मला नेहमी वेळ लागतो. आपल्याकडे कॉलेजात एक पीटीचे सर, साहित्याची एक खोली आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या की संघ निवडीची धावपळ. इकडे एनसीएए या संघटनेची सुमारे अकराशे सदस्य कॉलेजं तीन डिव्हिजनमध्ये (सर्वांत वरची डिव्हिजन वन) विभागलेली आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाचा स्वतंत्र क्रीडा विभाग असतो. संचालक, उपसंचालक, प्रशिक्षक, फिजिओ, हिशेब, तिकिटं, देणग्या, प्रसिद्धी असा सगळा लवाजमा. मी मिडवेस्टमधल्या एका डिव्हिजन टू विद्यापीठात या विभागात कम्प्लायन्सचं, म्हणजे नियमपालनाचं काम बघते. हंगामात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त सराव झाला नाही ना, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी मिळाली ना, खेळाडूने पुरेसे विषय घेतलेत ना, कुणाला किती शिष्यवृत्ती गेली, या सगळ्याच्या नोंदी माझ्या टेबलावरून जातात.

मी स्वतः खो-खो खेळणारी. आधी गावच्या मंडळाकडून, मग कॉलेजकडून, मग शिवाजी विद्यापीठाकडून. लग्न होऊन इकडे आले, क्रीडा व्यवस्थापनात मास्टर्स केलं आणि कामाला लागले ते एनसीएएच्या अनुदानामुळे. स्त्रियांना आणि वांशिक अल्पसंख्याकांना क्रीडा प्रशासनात आणायचं म्हणून एनसीएए कॉलेजांना पैसे द्यायची. त्यातला एक प्रकार मला फार शहाणपणाचा वाटतो. पहिल्या वर्षी पगाराचा पाऊण हिस्सा एनसीएए देणार, दुसऱ्या वर्षी अर्धा, तिसऱ्या वर्षी पाव. म्हणजे कॉलेजला हळूहळू ते पद स्वतःच्या पैशातून उचलावं लागतं आणि तिसरं वर्ष संपेपर्यंत त्या माणसाशिवाय काम अडेल अशी वेळ आलेली असते. माझं पद असंच टिकलं.

पद टिकलं, पण वाढेना. आमच्या विभागात माझ्याहून वरच्या हुद्द्यावर एकही बाई नव्हती, म्हणून सीनियर वुमन ॲडमिनिस्ट्रेटर हे नामाभिधान माझ्याकडे आलं. एनसीएएच्या बहुतेक कॉलेजांत ते कुणाकडे तरी असतं. मोठ्या निर्णयांच्या बैठकीत एक बाई बसलेली असावी, हा त्यामागचा हेतू आणि तो चांगला आहे. मी बैठकींना बसायचे, बोलायचेही. पण अर्थसंकल्प ठरायचा त्या खोलीत मी नसायचे. देणगीदारांच्या जेवणाला नसायचे. अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक नेमताना नसायचे. मग संचालकांनी एका नेतृत्व विकास कार्यक्रमाची माहिती पुढे केली. क्रीडा प्रशासनातल्या स्त्रिया आणि अल्पसंख्याक यांच्यासाठी तो होता. उन्हाळ्यात काही दिवसांचं निवासी शिबिर, त्यानंतर वर्षभर एका मार्गदर्शक व्यक्तीशी जोडून देणार. अर्जात एक अट मला विशेष वाटली. आपल्या संचालकांनी एक पत्र लिहून द्यायचं होतं आणि त्यात परत आल्यावर हिला कोणती नवी जबाबदारी देणार, ते स्पष्ट नमूद करायचं होतं. आज मागे वळून बघताना वाटतं, त्या एका पत्रात निम्मा कार्यक्रम होता.

शिबिराआधीच मार्गदर्शक बाईंशी व्हिडिओवर पहिली भेट झाली. त्या कृष्णवर्णीय, एके काळी कॉलेजात बास्केटबॉल खेळलेल्या, आता एका लहान कॉलेजच्या क्रीडा संचालक. मी मनाशी तयारी करून बसले होते. स्वभाव, उणिवा, पाच वर्षांनंतरचं चित्र, असलं काहीतरी विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी थोडी विचारपूस केली आणि थेट म्हणाल्या, "तुझी सही कितीपर्यंत चालते?"

मी म्हटलं, पाचशे डॉलर. त्यावर संचालकांची लागते.

"आणि किती माणसं तुझ्या हाताखाली आहेत?"

अर्धवेळ काम करणारा एक विद्यार्थी.

"मग आपण वर्षभर या दोन आकड्यांवर काम करू," त्या म्हणाल्या. "आत्मविश्वास तुझ्याकडे आहे. परक्या देशात येऊन फुटबॉलच्या प्रशिक्षकाला तोंडावर नाही म्हणतेस, त्याला आत्मविश्वासच लागतो."

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं! बायकांसाठीच्या बहुतेक कार्यशाळा आवाज कसा लावावा, खुर्चीत कसं बसावं, स्वतःबद्दल मोठेपणाने कसं बोलावं, इथून सुरू होतात आणि बऱ्याचदा तिथेच संपतात. बाईमध्येच काहीतरी कमी आहे असं त्यात गृहीत धरलेलं असतं. कमी असतो तो अनुभव, आणि तो अनुभव कुणीतरी द्यावा लागतो. बायकांना कुठे बसवलं जातं ते बघा. कम्प्लायन्स, खेळाडूंचा अभ्यास, त्यांचं मानसिक आरोग्य, वसतिगृह. ही कामं हलकी नाहीत, माझं तर त्यांवर प्रेम आहे. पण संचालक निवडताना समितीला हवा असतो तो देणग्या गोळा केलेला, फुटबॉल किंवा पुरुषांचं बास्केटबॉल सांभाळलेला, अर्थसंकल्प हाताळलेला माणूस. आम्ही ज्या वाटेने वर चढत असतो ती वाट त्या खुर्चीपर्यंत जातच नाही.

ही वाट अशी वळली कशी, ते शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी कळलं. निवृत्त झालेल्या एक प्रशासक बोलायला आल्या होत्या. ज्यांनी ते दिवस पाहिलेत अशी माणसं आता थोडीच उरली आहेत. 1972 साली टायटल नाईन कायदा झाला, शिक्षणसंस्थांमध्ये लिंगावरून भेदभाव करायला बंदी आली आणि मुलींचे खेळ झपाट्याने वाढले, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. त्या कायद्यामागच्या प्रमुख नावांपैकी एक, हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक, जपानी वंशाच्या होत्या आणि 2002 पासून कायद्याला त्यांचंच नाव आहे, हेही माहीत होतं. त्या संध्याकाळी पुढची गोष्ट ऐकली. कायदा आला तेव्हा मुलींच्या खेळांचा कारभार नव्वद टक्क्यांहून जास्त ठिकाणी बायकांच्याच हातात होता. पैसा जवळपास नव्हता, पण निर्णय त्यांचे होते. 1971 मध्ये स्थापन झालेली एआयएडब्ल्यू ही बायकांनी चालवलेली स्वतंत्र संघटना होती, नऊशेहून अधिक कॉलेजं तिच्यात होती, मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा तीच भरवायची. मुलींच्या खेळात पैसा आणि टीव्ही येईल असं दिसायला लागल्यावर एनसीएएने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मुलींच्या स्पर्धा स्वतः सुरू केल्या. सदस्य कॉलेजं तिकडे गेली, एआयएडब्ल्यू 1982 मध्ये थांबली, कोर्टातही हरली. कॉलेजांमध्ये मुलामुलींचे वेगवेगळे विभाग एक झाले आणि एक झालेल्या विभागाच्या खुर्चीत बहुतेक ठिकाणी पुरुष बसले. आयोवा विद्यापीठात क्रिस्टीन ग्रँट यांनी 1973 पासून 2000 पर्यंत मुलींचा विभाग वेगळा ठेवून चालवला. त्या निवृत्त झाल्या आणि तिथेही एकत्रीकरण झालं. आज एनसीएएच्या सगळ्या क्रीडा संचालकांमध्ये साधारण चारांत एक बाई आहे. डिव्हिजन वनमध्ये त्याहून कमी. कृष्णवर्णीय बाई डिव्हिजन वनची संचालक व्हायला 1990 चं दशक उजाडावं लागलं आणि तेव्हाच्या सर्वांत श्रीमंत पाच कॉन्फरन्सपैकी (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांपैकी) एकात ती यायला 2017 साल. व्हर्जिनियाच्या कार्ला विल्यम्स. त्या पाच कॉन्फरन्समध्ये आशियाई वंशाचा पहिला संचालक 2018 मध्ये आला, पॅट चुन.

मुलींच्या खेळात पैसा आल्यावर मुलींचा फायदा झाला. लाखो मुली खेळल्या, शिकल्या. पण त्या पैशाच्या किल्ल्या बायकांच्या हातून गेल्या. मला ही गोष्ट मनापासून लागली. आपल्याकडे खो-खोला आता कुठे टीव्ही आणि प्रायोजक मिळायला लागलेत. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुली जिंकल्या. मी पहाटे उठून सामने बघितले. त्या मुलींमधल्या किती जणी दहा वर्षांनी संघटनांच्या कार्यकारिणीवर, निवड समितीवर, खजिनदार म्हणून दिसतील, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

शिबिरातला सर्वांत कसदार भाग म्हणजे अर्थसंकल्पाचा सराव. एका काल्पनिक डिव्हिजन वन विद्यापीठाचे ताळेबंद आमच्यासमोर टाकले, गट पाडले आणि सांगितलं, सहा लाख डॉलर कमी करा. संध्याकाळी कुलगुरूंसमोर मांडायचं. विद्यापीठात 57 टक्के विद्यार्थिनी, खेळाडूंमध्ये मुली मात्र 41 टक्के. पहिल्या काही मिनिटांत आमच्या गटात सूचना आली ती मुलींचं टेनिस बंद करण्याची. टायटल नाईनचं पालन तीन मार्गांनी दाखवता येतं. एक, खेळाडूंचं प्रमाण विद्यार्थ्यांच्या प्रमाणाच्या जवळ असणं. दोन, मुलींच्या संधी सातत्याने वाढवत आणल्याचा इतिहास. तीन, मुलींची आवड आणि कुवत पूर्णपणे भागवली जात असणं. टेनिस बंद केलं तर तिन्ही मार्ग एकदम बंद होतात. मग दुसरी सूचना आली. क्रॉस-कंट्रीमध्ये, म्हणजे मोकळ्या रानातल्या लांब पल्ल्याच्या धावण्यात, मुलींची नावं वाढवू. धावणारी एकच मुलगी क्रॉस-कंट्री, इनडोअर ट्रॅक आणि आउटडोअर ट्रॅक अशा तीन ठिकाणी मोजता येते. सरकारला दरवर्षी जो समानतेचा अहवाल द्यावा लागतो त्यात मुलींच्या संघाबरोबर सराव करणारे मुलगेसुद्धा मुलींच्या संघातले खेळाडू म्हणून धरले जातात. कागदावर आकडा सुधारतो.

इथे माझं कम्प्लायन्सचं काम उपयोगी पडलं. स्क्वॉड लिस्टवरची, म्हणजे संघाच्या अधिकृत यादीवरची नावं आणि बसच्या यादीतली नावं यांतला फरक मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. चाळीस नावं यादीवर असतात आणि बाहेरगावच्या स्पर्धेला बसमध्ये चढतात सोळा. उरलेल्या मुलींना गणवेश मिळतो, फोटोत जागा मिळते, स्पर्धा मिळत नाही. मी गटाला म्हटलं, आधी आपण प्रवासाचं पान उघडू. तिथे एक ओळ होती. फुटबॉलचा संघ घरच्या सामन्यांच्या आदल्या रात्रीही हॉटेलात राहतो, म्हणजे आपल्याच गावात, मैदानापासून दहा मिनिटांवर. मोठ्या विद्यापीठांत हे सर्रास चालतं. हॉटेल, दोन जेवणं, बस, बैठकीची खोली, गुणिले घरचे सगळे सामने. तिथून सुरुवात केली. मग सीईओ लोकांसारखी करारातून प्रशिक्षकांना दिलेली गाड्यांची सोय, मग छापील पुस्तिका. सहा लाख जमले. एकाही मुलीचा किंवा मुलाचा खेळ बंद करावा लागला नाही. संध्याकाळी कुलगुरूंच्या भूमिकेतल्या गृहस्थांनी विचारलं, फुटबॉलच्या प्रशिक्षकाला हे कोण सांगणार? मी हात वर केला. ते काम मी रोज करते.

दुसऱ्या दिवशी लुटुपुटीच्या मुलाखती झाल्या. अशा पदांसाठी खरी निवड बऱ्याचदा सर्च फर्म नावाच्या खासगी कंपन्यांमार्फत होते. जाहिरात निघेपर्यंत त्यांच्या वहीत नावं तयार असतात, तेव्हा त्यांच्याशी ओळख आधीपासून असावी लागते. अशा कंपन्यांत काम केलेली माणसंच आमच्यासमोर बसली होती. मला प्रश्न आला, "तुम्ही अमेरिकन फुटबॉल कधी खेळला नाहीत. आमच्या देणगीदारांना काय सांगाल?" मी सांगितलं की तुमच्या सध्याच्या संचालकांनी व्हॉलीबॉल कधी खेळलेलं नसावं आणि तरी ते तो संघ सांभाळतात, फुटबॉलच्या शिष्यवृत्त्या, सरावाचे तास आणि पात्रता यांचा हिशेब मात्र मी अनेक हंगाम ठेवला आहे. उत्तर त्यांना आवडलं. एक सुधारणा त्यांनी सुचवली, ती लाखमोलाची: बोलताना 'आम्ही' फार येतं, कुठलं काम तुमचं ते समितीला कळत नाही. मराठी घरात वाढलेल्या माणसाला 'मी केलं' म्हणणं जड जातं. अनोळखी समितीला मात्र ते सांगावंच लागतं.

एका बाबतीत मात्र कार्यक्रम तोकडा पडला, आणि आपल्या लोकांनी ते आधी समजून घ्यावं म्हणून लिहिते. तिथला सल्ला एकच: वर जायचं तर गाव सोडायची तयारी ठेवा, या राज्यातून त्या राज्यात, लहान कॉलेजातून मोठ्या कॉलेजात. बरोबर आहे, या क्षेत्रात सगळे तसंच चढतात. पण मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. विद्यापीठांना व्हिसाच्या लॉटरीची अट नाही, एवढी एक सोय. तरी नव्या विद्यापीठाने नव्याने अर्ज करावा लागतो, आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग तर ठाऊकच आहे. अल्पसंख्याक म्हणताना इथे जन्मलेली माणसं डोळ्यांसमोर असतात. स्थलांतरितांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मांडणारी मी त्या शिबिरात बहुधा एकटीच होते. मार्गदर्शक बाईंनी मात्र तो उचलून धरला. नोकरीची बोलणी सुरू होतील तेव्हा पगाराआधी व्हिसाचं विचारायचं, हे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. वाऱ्याची दिशाही बदलली आहे. टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांत सरकारी विद्यापीठांच्या विविधता आणि समावेशन कार्यालयांवर कायद्याने गदा आली आहे. शिबिरातली एक मैत्रीण रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने आली होती, कारण तिच्या विद्यापीठाला असल्या कार्यक्रमाची पावती नको होती. ज्या अनुदानातून मी उभी राहिले तसली अनुदानं पुढे किती मुलींना मिळतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

परत आल्यावर संचालकांनी पत्रातला शब्द पाळला. सॉफ्टबॉल आणि मुलींची क्रॉस-कंट्री हे संघ माझ्या देखरेखीखाली आले, त्यांचे प्रशिक्षक मला उत्तरदायी झाले आणि त्या दोन संघांपुरती माझी सही पाच हजारांपर्यंत चालू लागली. शिवाय देणगीसाठीच्या भेटींना मी बरोबर जायचं ठरलं. पहिल्यांदा मी स्वतः मागायची वेळ आली तेव्हा आदल्या रात्री आईला फोन केला.

"लोकांकडे पैसे मागायचे म्हणजे कसंतरी वाटतं गं."

"त्यात काय एवढं? मंडळाच्या स्पर्धेला वर्गणी मागत बाजारपेठ पालथी घालायचीस की! पावतीपुस्तक घेऊन अडत दुकानदारांच्या समोर उभी राहायचीस, दिल्याशिवाय हलायची नाहीस."

खरंच होतं ते. फक्त पावतीपुस्तक नव्हतं. गावाबाहेर मक्याच्या शेतांमध्ये एक घर, तिथे आमच्या विद्यापीठाकडून 1980 च्या दशकात सॉफ्टबॉल खेळलेल्या बाई राहतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफी, त्यांच्या काळातला संघाचा फोटो. तेव्हा गणवेश त्यांनी घरी शिवले होते, मुलांच्या संघाचं वापरून झालेलं सामान त्यांना मिळायचं. मी मैदानाच्या दिव्यांचं सांगितलं. मुलांच्या मैदानावर दिवे आहेत, मुलींच्या नाहीत, म्हणून मुलींचे सामने दुपारी लावावे लागतात आणि त्यांचे तास बुडतात. किती तास, कोणते विषय, याची यादी माझ्याजवळ होती. शिबिरात एक गोष्ट घोटून घेतली होती: रक्कम स्पष्ट सांगायची आणि मग गप्प बसायचं. आपणच घाईने 'जमेल तेवढं द्या' म्हणायचं नाही. मी म्हटलं, पंचवीस हजार डॉलर द्याल का? आणि थांबले. त्यांनी फोटो उचलला, परत ठेवला, आणि विचारलं, "दोन वर्षांत दिले तर चालतील?"

दिव्यांचे खांब आता उभे राहतायत, निम्मे पैसे विद्यापीठाने घातले. सध्या माझ्या टेबलावर वेगळं काम आहे. कम्प्लायन्समध्ये पूर्ण वेळ सहायक नेमायचा आहे आणि निवड समितीची अध्यक्ष मी आहे. जाहिरातीचा जुना मसुदा मनुष्यबळ विभागाकडून आला, त्यात एक ओळ होती: एनसीएएच्या कॉलेजात खेळलेल्या उमेदवारास प्राधान्य. ही ओळ असती तर मला स्वतःला कुणी बोलावलं नसतं. नियम समजायला, प्रशिक्षकाला नाही म्हणायला आणि विद्यार्थ्याची बाजू ऐकून घ्यायला एनसीएएची जर्सी लागत नाही, असं मी समितीत मांडलं. चर्चा बरीच झाली, दोघांचा विरोधही झाला. शेवटी 'कोणत्याही पातळीवरील संघटित खेळाचा अनुभव उपयुक्त' असा मजकूर घालून जाहिरात गेली. अर्ज यायला लागलेत. छाननी सोमवारपासून आहे.